कूलरचा पाईप आणि पस्तीसचा आकडा

सुलोचनाबाई रामटेके, राहणार फुलचूर. आज गोंदियात माझं जे काही बरं चाललं आहे ते या बाईंमुळे. हे नाव पहिल्याच ओळीत आलं पाहिजे असं मी संपादकांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या मला ‘समुद्रवाले’ म्हणतात.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले होते. मी लिहायला बसलो आणि गंमत काही सुचेना. दोन पानं फाडली. तिसऱ्या पानावर जे उतरलं तेच पाठवतो आहे. माझी शाळा आठवीत सुटली. शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या खुशाल दुरुस्त कराव्यात, रागाला मात्र हात लावू नये.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. घराच्या मागच्या दारी समुद्र. बाबा होडीवर. शाळा सुटल्यावर मुंबईत माशांच्या टाक्यांच्या एका दुकानात कामाला लागलो आणि तिथेच खाऱ्या पाण्याच्या टाक्या शिकलो. २००६ साली गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या शेठजींनी दुकानात टाकी सांगितली. साधी गोड्या पाण्याची नाही, प्रवाळाची. टाकीबरोबर मला ट्रकमध्ये बसवून दिलं, आठ दिवसांत लावून ये म्हणून. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत. गावालगत कुडव्याला खोली घेतली, कारण टाकी लावून मी निघायच्या आदल्या दिवशी शेठजी म्हणाले, “तू गया तो इसको संभालेगा कौन?” त्यांनी आणखी चारपाच घरं मिळवून दिली. म्हणजे या गावात मला ओळखणारे सगळे शेठजींच्या ओळखीचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता धंदा सांगतो. गोंदियापासून समुद्र कुठल्याही बाजूने गेलं तरी लांबच. म्हणून समुद्र घरी बनवावा लागतो. गाळून गाळून कोरं केलेलं पाणी घ्यायचं, त्यात खास समुद्री मीठ तोलून घालायचं आणि एक दिवस फिरवत ठेवायचं. घरी जे पाणी फुकट पायाशी येतं ते मी इथे वजनकाट्यावर बनवतो. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

खारटपणा मोजायला एक छोटी नळी असते, दुर्बिणीसारखी. तिच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. आत निळ्यापांढऱ्याची रेघ दिसते आणि बाजूला आकडे. रेघ पस्तीसवर हवी. आमचा सगळा धंदा त्या एका रेघेवर. मासा थोडंफार सोसतो. प्रवाळ, कोळंबी, तारामासा यांना सोसत नाही. पाणी एकदम फिकं झालं तर ते त्यांच्या अंगात शिरतं, एकदम खारट झालं तर अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. दोन्हीकडून मरण, आणि मरण एकदम येण्यातच असतं. हळूहळू बदललं तर बिचारे जुळवून घेतात.

आणखी एक गोष्ट. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात उडतं, मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी कोरं पाणी घालायचं, खारं नाही. ही एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांना समजावताना माझा घसा सुकतो. एका वकीलसाहेबांनी पूर्ण उन्हाळा खारं पाणी ओतलं. रेघ चव्वेचाळीसवर गेली, टाकीत हाडं उरली. मी विचारलं तर म्हणतात, “समुद्र कम हुआ, समुद्र डाला. गलत क्या किया?” आणि वर मलाच नोटीस पाठवायची भाषा. ही माणसं चूक करून बसतात आणि मग आजूबाजूला बघतात, ती कोणाच्या अंगावर टाकता येईल. मीच तेवढा जवळ उभा असतो, गुडघे ओले करून.

शेठजींची टाकी मात्र माझा अभिमान होती. हॉलच्या भिंतीएवढी, चारशे लिटरची. वरची टाकी दिसायला, आणि खालच्या कपाटात दुसरी टाकी, पंप आणि जाळ्या असलेली. पाणी वरून खाली येतं, खालून वर जातं. उडालेल्या पाण्याचा तोटा खालच्या टाकीत दिसतो. तिथे मी लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. पाणी पट्टीच्या खाली गेलं की शेजारच्या निळ्या कॅनमधलं कोरं पाणी पट्टीपर्यंत घालायचं. मे महिन्यात रोज आठदहा लिटर.

हे रोजचं काम त्या घरात स्वयंपाकाला येणाऱ्या रामटेकेमावशींनी स्वतःहून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, “का जी समुद्रवाले, हे फूल जित्तं आहे का?” वर एक मोठं प्रवाळ होतं, पिवळसर, शेकडो टोकं हलवणारं. मी म्हटलं, जिवंत आहे, आणि ते फूल नाही, प्राणी आहे. “मंग नाव काय याचं?” मी इंग्रजी नाव सांगितलं. त्या हसल्या. “हे नाव घेऊन कोन हाक मारन? शेवंती म्हना.” तेव्हापासून ती शेवंती.

मी दर रविवारी यायचो, थोडं पाणी बदलायचो. आठवडाभराची काळजी मला झोपू द्यायची नाही, मी मुळातच भित्रा माणूस. म्हणून खारटपणाची एक जास्तीची दुर्बीण कपाटात ठेवली आणि मावशींना ती बघायला शिकवली. चौथी झालेल्या होत्या, आकडे पक्के. दोनदा शिकवावं लागलं नाही. आधी कोऱ्या पाण्याच्या थेंबावर रेघ शून्यावर येते का बघायचं, मगच टाकीचा थेंब, हे त्या माझ्यापेक्षा नेमाने करायच्या. दर बुधवारी त्या आकडा बघून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायच्या. मी इंग्रजीत 35 लिहायचो, त्या मराठीत ३५. दारावर खाली खाली दोघांचे आकडे उतरत गेले. शेठजींना हे ठाऊक नव्हतं. सांगायची हिंमत मला झाली नाही. त्यांच्या महागड्या टाकीला स्वयंपाकवाली हात लावते हे त्यांना खपलं नसतं. हे लपवणं माझं. मावशींचं नाही.

मग २००९चा मे आला.

विदर्भात ज्यांनी उन्हाळा काढला नाही त्यांना सांगतो. इथे दुपारी नळ आला की प्रत्येक घरात एक माणूस रबरी पाईप घेऊन कूलर भरत फिरतो. एका कूलरमध्ये पाईप सोडायचा, भरला की दुसऱ्यात. कितीही मोठा माणूस असो, हे काम तो आवडीने करतो. शेठजी हॉलचा कूलर स्वतः भरायचे, बनियनवर. त्या गुरुवारी त्यांचा कूलर भरला. शेजारी टाकीच्या कपाटाचं दार उघडं होतं, आत पंप गुरगुरत होता, कारण पाणी लाल पट्टीच्या खाली गेलेलं. निळा कॅन रिकामा होता. तो भरून आणणं त्यांच्या ड्रायव्हरचं काम, तो दोन दिवस सुट्टीवर. शेठजींना वाटलं, पंप आहे, पाणी आहे, कूलरसारखंच तर आहे. पाईप उचलून तिकडे सोडला. तेवढ्यात फोन आला, कोहमाऱ्याला त्यांचा धानाचा ट्रक बंद पडला होता. शेठजी बोलत बोलत अंगणात गेले, ते तिथेच फेऱ्या मारत राहिले.

नळाचं पाणी अर्धा तास खालच्या टाकीत पडत होतं. टाकी भरली, ओसंडली, खारं पाणी फरशीवर वाहून गेलं आणि त्याच्या जागी गोडं पाणी वर फिरत राहिलं. शेठजींनी परत येऊन पाईप काढला, कपाटाचं दार लावलं आणि स्वयंपाकघराकडे ओरडले, “बाई, पोछा मारो. कूलर ओवरफ्लो हो गया.”

मावशींनी फरशी पुसली. त्यांच्या बोटाला सकाळी विळीने कापलं होतं. फडकं पिळताना बोट झोंबलं. कूलरचं पाणी झोंबत नाही.

माझा फोन वाजला तेव्हा मी खोलीत जेवत होतो.

“भाऊ, लवकर या. शेवंती मिटून राह्यली. दुर्बिणीत सत्तावीस दिसून राह्यलं.”

“सत्तावीस कसं असेल मावशी? काच नीट पुसा.”

“दोनदा पुसली जी. शून्य बी पायला. तुमी या.”

जेवण तसंच टाकून निघालो. भर उन्हात कुडव्यापासून गाडी कशी चालवली ते आठवत नाही. पोहोचलो तेव्हा शेवंती मुठीएवढी आक्रसली होती. दोन कोळंब्या आडव्या पडल्या होत्या, तारामासा काचेवरून गळून खाली. मी आकडा बघितला. सत्तावीस. मावशींचा आकडा बरोबर होता. नेहमीच असायचा.

माझे हात मिठाच्या पिशवीकडे गेले. खरं सांगतो, मला सगळी पिशवी ओतावीशी वाटली. मावशींनी मनगट धरलं.

“एकदम नका टाकू. तुमीच तं सांगतलं होतं, एकदम काईच नाई करायचं.”

मी भानावर आलो. बादलीत जरा जास्त खारट पाणी कालवलं. सलाईनसारखी बारीक नळी लावली, नळीला गाठ मारून गाठ सैल करत करत सेकंदाला तीनचार थेंबांवर आणली. दिवसाला दीडदोन आकड्यांच्या वर चढवायचं नाही, म्हणजे पस्तीस गाठायला पाच दिवस. आणि त्या पाच दिवसांत उडालेल्या पाण्याच्या जागीही खारंच पाणी घालायचं. जे करू नका म्हणून मी वर्षभर लोकांवर ओरडतो तेच आता औषध होतं.

मी खाली बसून थेंब मोजत होतो तेव्हा शेठजी आत आले. मेलेल्या कोळंब्या ताटलीत काढून ठेवल्या होत्या. त्यांनी एक नजर टाकली आणि सुरू झाले.

“तेरा नमक नकली है. रविवार को पानी बदला ना तूने? नाप में चोरी करता है तू.”

मी म्हटलं, “शेठजी, रविवारी पस्तीस होतं. दारावर लिहिलंय.”

“पेन्सिल तेरी, लिखनेवाला तू. मैं क्या जानूँ तूने देखा भी या नहीं?” मग मोबाईल काढून म्हणाले, “अभी सबको बोलता हूँ. इस गाँव में एक टंकी नहीं मिलेगी तेरे को. जा अपने समुंदर.”

परत जायचं म्हणजे कुठे? आठवी नापास, तीन वर्षांत घरी काही नीट पाठवलेलं नाही, आणि जाताना पाठीवर चोर हा शिक्का. बोलल्या त्या मावशी. दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली.

“शेठजी, त्या भाऊले कायले बोलता? पाईप तुमीच टाकला होता खालच्या टाकीत. काढताना मी पायलं. फरशी मी पुसली तं माहं बोट झोंबलं. ते कूलरचं पानी नोहोतं.”

शेठजी खाली वाकले. मला वाटलं, दारावरचा आकडा बघून कबूल करतील. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. रविवारचा माझा 35, त्याच्या खाली बुधवारचा ३५.

“ये किसका हाथ है?”

“माहा आहे जी,” मावशी म्हणाल्या. “बुधवारी मी पायते. काल बी पस्तीस होतं. भाऊनं चोरी नाई केली.”

बघा, त्या बाईंनी स्वतःची गोष्ट कशासाठी उघडी केली. माझ्यावरची चोरी पुसायला. काल पस्तीस होतं, आज सत्तावीस आहे, मधे पाईप आला, एवढं सरळ. आणि शेठजींना जे हवं होतं ते नेमकं त्यातूनच मिळालं.

“मतलब तू हाथ लगाती है टंकी को,” ते म्हणाले. आवाज एकदम शांत झाला होता. “तो तूने ही कुछ डाला होगा. खाना बनानेवाली, तेरे को क्या समझता है इसमें? कल से मत आना.”

मग माझ्याकडे वळून, “तू काम कर.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ‘यांना मी शिकवलंय, यांचा आकडा बरोबर आहे.’ बास, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, अवघड काही नव्हतं.

मी थेंब मोजत राहिलो. मान वर केली नाही. मी मनाला सांगितलं, गाठ सुटली तर शेवंती जाईल. गाठ सुटणार नव्हती. मी ती मारली होती, मला ठाऊक होतं.

मावशींनी हात धुतले, कणीक झाकून ठेवली, चपला घातल्या आणि गेल्या. कणीक झाकून ठेवली, हे मला सर्वांत जास्त छळतं. ज्या घराने एका मिनिटात हाकललं त्या घराची कणीक सुकू नये म्हणून.

पाच दिवस मी सकाळ-दुपार त्या हॉलमध्ये होतो. सत्तावीस, एकोणतीस, साडेतीस. चौथ्या दिवशी दुपारी शेवंतीची टोकं बाहेर आली, आधी एका बाजूने, मग सगळी. दोन कोळंब्या, तारामासा आणि एक लहान प्रवाळ गेलं, बाकी वाचलं. शेठजींनी मित्रांना बोलावून दाखवलं. “पूरी टंकी मर गई थी, इस लड़के ने वापस लाई.” कशाने मेली होती ते कोणी विचारलं नाही. त्या महिन्यात मला तीन नवीन टाक्या मिळाल्या. माझं नाव झालं ते तिथून. म्हणजे ज्या आकड्यावरून मावशींचं काम गेलं त्याच आकड्यावर माझा धंदा उभा आहे.

शेठजींचा राग येतो, पण तो सोपा राग आहे. चूक कोणाचीही होते. मीसुद्धा मुंबईत एक टाकी मारली आहे, मीठ एकदम ओतून. मी ते कबूल केलं आणि मालकाची थप्पड खाल्ली. पण चूक ठाऊक असताना दार लावून घ्यायचं, पोछा मारायला लावायचा, आणि ज्या हाताने पोछा मारला त्याच हातावर आळ घ्यायचा, याला मी चूक म्हणत नाही. आणि त्याच हॉलमध्ये मान खाली घालून बसलेल्या माझ्यासारख्याला काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही. जे सापडतात ते शब्द दिवाळी अंकात छापता येत नाहीत.

दोनअडीच महिन्यांनी मावशी फुलचूर नाक्यावर भेटल्या. एका शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं होतं. मी गाडी थांबवली. त्यांनीच विचारलं.

“का जी समुद्रवाले, पस्तीस झालं का मंग?”

“झालं मावशी.”

“शेवंती?”

“उघडली. चौथ्या दिवशी.”

त्यांचा चेहरा एवढा फुलला की मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हटलं, “मावशी, मी त्या दिवशी बोललो नाही.”

“पायलं न मी,” त्या म्हणाल्या. “हात थरथरून राह्यले होते तुमचे. मले वाटलं, हा बोलन तं गाठ सुटन.” आणि हसल्या. मला वाचवायला त्यांनी माझंच खोटं कारण मला परत दिलं. मला त्याचाही राग आला. चिडायला हवं होतं हो त्यांनी माझ्यावर. चार लोकांत शिव्या द्यायला हव्या होत्या.

शेठजींकडे मी अजून दर रविवारी जातो. कपाटाचं दार तेच आहे. शेठजींनी त्यावर नवा रंग द्यायला सांगितला होता, मी देऊ दिला नाही. रंगाचा वास पाण्यात उतरतो म्हणून सांगितलं. त्यात थोडं खरं आहे. मावशींचा शेवटचा ३५ अजून तिथे आहे, त्याच्या खाली फक्त माझे आकडे. दर रविवारी मी ते एक वाक्य तोंडात घेऊन जातो आणि तसंच परत आणतो.

हा लेख म्हणजे ते वाक्य नव्हे. इथे मी शेठजींचं नाव लिहिलेलं नाही, बघा. अजूनही भीतीच.

पण मावशी, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा एवढं वाचा. एका रविवारी मी तुम्हाला न्यायला फुलचूरला येईन. शेठजी हॉलमध्ये असताना आपण दोघं आत जाऊ. तुम्ही खुर्चीवर बसा, खाली मी बसेन. दुर्बीण तुमच्या हातात देईन. तुम्ही आधी शून्य बघा, मग टाकीचा थेंब, आणि जो दिसेल तो आकडा मोठ्याने सांगा. शेठजी विचारतील, हिला काय समजतं यातलं. तेव्हा मी मान वर करीन आणि बोलेन. कोणता रविवार ते आज सांगता येत नाही. पण दारावर त्या दिवशीचा आकडा लिहायचा आहे, आणि तो मराठीत लिहायचा आहे. खाली तेवढी जागा मी मोकळी ठेवली आहे.